उंदीर न पडलेले घर

जळगाव, ता. १९ ऑक्टोबर १९१६

भाऊ,

वर 'तीर्थरूप' लिहिले असते तर तुम्ही म्हटले असते, कॉलेज सोडताना हे तीर्थ कुठे गेले होते. म्हणून नुसते भाऊ. नमस्कार आहेच, वहिनींनाही सांगावा.

तुमचे कार्ड मिळाले. उघड्या कार्डावर लिहिलेत हे चांगले केलेत. पोस्टमनने ते आधी शेजारच्या तोतारामनानांच्या ओट्यावर बसून वाचले आणि मग मला दिले. आता मेहरूणच्या रस्त्यावरच्या साऱ्या नव्या वस्तीला ठाऊक झाले आहे, की धुळ्याच्या कोर्टातल्या सुकदेवरावांचा धाकटा भाऊ इंटरमधून पळून आला आणि थोरल्याने त्याला 'निदान विकेपर्यंत घर तरी राख' असे फर्मावले. नानांच्या बेबाबाईंनी कुंपणापलीकडून विचारलेच, "काय रे पोऱ्या, तुना भाऊनी तुले राखनदार करी टाका का?" मी म्हटले, हो. तर म्हणाल्या, मग काठी घे हातात, नुसता कवितेसारखा काय उभा शे.

पुण्याची हवा मानवली नाही. छातीत दुखत असे. कारण एवढेच आहे. 'दुसरे काही असेल तर आत्ताच सांग' असे तुम्ही लिहिले आहे. दुसरे काही नाही.

घर विकायचे ठरवलेत. तुम्ही थोरले, ठरवा. मी सही देईन. बाबा गेल्यापासून दोन वर्षे घर बंद होते. आत पाऊल टाकले तेव्हा कोळिष्टके तोंडाला चिकटली. पुढची खोली झाडून मी तिथे अंथरूण टाकले आहे. मागच्या दोन खोल्या आणि माळा तसाच आहे. दोन वर्षांत घरात दाणा आला नाही की चूल पेटली नाही, त्यामुळे वास कसलाच येत नाही. घराला माणसांचा वास नसला म्हणजे ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटते. पण हे तुम्हाला लिहून उपयोग नाही. तुम्ही कार्डात 'गिऱ्हाइकाला दाखवायला घराची हकीकत एका कागदावर लिहून ठेव, भावना घालू नकोस' अशी ताकीद दिलीच आहे.

अभिमन


जळगाव, ता. २ नोव्हेंबर १९१६

भाऊ,

हकीकत लिहिली. नक्कल पाठवतो, पाहा भावना सापडते का.

'मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तीन खोल्यांचे, माळ्याचे, कौलारू घर. मागे परस, विहीर व लिंबाचे झाड. सन १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा मालक धुळ्याहून जळगावच्या कचेरीत बदलून आले. त्याच हिवाळ्यात गावात प्लेगाने मरून उंदीर पडू लागले. मालकांनी गल्ली सोडून या माळावर तट्ट्याची झोपडी घातली. असे तीन हिवाळे झोपडी घातली व उन्हाळ्यात मोडली. चौथ्या वर्षी झोपडीच्याच जागी पाया खणला. शेजारची पंधरा घरेही याच रीतीने झोपड्यांतून उठली असून टांगेवाले वस्तीला अद्याप "झोपड्या" असेच म्हणतात. गावात प्लेग आला तरी या वस्तीत आजवर एकही उंदीर पडलेला नाही.'

शेवटचे वाक्य तोतारामनानांनी घालायला लावले. ते म्हणाले, बाकीचे सारे खोडलेस तरी चालेल, हे राहू दे. घराची किंमत त्या एका ओळीची आहे, विटांना काय मोल. नाना ओव्हरसियर होते, विटांचे त्यांना कळते.

गिऱ्हाईकही आले. तुम्ही ओळखता, जीवराम मास्तर. चौथीत मला त्यांनीच शिकवले. मागल्या माघात त्यांची बायको प्लेगाने गेली. त्यानंतर मास्तरांनी गल्लीतल्या घरात राहायचे नाही असे मनाशी धरले आहे. बायकोचे दागिने मोडून घर घेणार आहेत. ते आणि त्यांची मुलगी, दोघेच.

छाती आता बरी आहे.

अभिमन


जळगाव, ता. १२ नोव्हेंबर १९१६

भाऊ,

तुमचे मास्तर विचित्र माणूस आहेत. तुमचे म्हणजे गिऱ्हाईक म्हणून तुमचे.

काल तिसऱ्यांदा घर पाहायला आले. विहिरीचे पाणी चाखले नाही, कौले मोजली नाहीत. थेट माळ्यावर चढले आणि गुडघे टेकून अंधारात कान लावून बसले. मी खाली शिडी धरून उभा. कुंपणावरून नाना बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, लोक घर घेताना विहीर बघतात. तुम्ही लेंड्या हुडकता?"

मास्तर खाली उतरले. धोतर झटकले आणि मला म्हणाले, "घर गप्प आहे रे, अभिमन."

मला समजले नाही. मग त्यांनी सांगितले. गेल्या वर्षी त्यांच्या घरातल्या आढ्यावर उंदीर रोज धिंगाणा घालत. बायको वैतागायची. एके दिवशी आवाज थांबला. ती म्हणाली, देव पावला. चौथ्या दिवशी चुलीपाशी पहिला उंदीर पडला आणि आठव्या दिवशी ती. तेव्हापासून मास्तरांना उंदीर खडखडला की झोप लागते, आणि खडखड थांबली की ते उठून बसतात. ज्या घरात जिवंत उंदीर नाही त्या घरात मेलेले असणार, असा त्यांचा हिशेब. मी शंभर वेळा सांगितले, की दोन वर्षे घरात धान्य नव्हते, उंदीर काय कौले खाऊन राहतील? ते मान हलवत होते, पण त्यांच्या डोळ्यांत मी चौथीतलाच होतो.

जाताना म्हणाले, अजून आठ दिवस बघतो. नाहीतर राहूच दे.

आता तुम्हीच सांगा काय करू.

अभिमन


जळगाव, ता. २३ नोव्हेंबर १९१६

भाऊ,

तुमचे कार्ड मिळाले. 'मास्तरांना उंदीर हवे असतील तर उंदीर दाखव, पण हे गिऱ्हाईक घालवू नकोस.' थट्टा समजली. पण उंदीर आपणहून आले. मी पुढच्या खोलीत ज्वारीचे पोते आणून ठेवले, त्याचा वास लागला असेल. परवा दिवेलागणीला मास्तर आले, माळ्याखाली उभे राहिले आणि वर जी धावपळ सुरू झाली तिने त्यांचा चेहरा असा उजळला, की मला लाज वाटली. का वाटली ते विचारू नका. त्यांनी जागेवरच होकार दिला.

आता दुसरे. तुम्ही पहिल्याच कार्डात विचारले होते. दुसरे काही आहे.

मास्तरांची मुलगी मंजुळा. तिचे लग्न नवव्या वर्षी झाले, बाराव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली. आता अठरावे चालू आहे. मास्तरांच्या वर्गाच्या वह्या तीच तपासते. पुण्याहून मी तिला चार पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही. शेवटी एका गाववाल्याकडून कळले, की भडगावचे तिचे चुलते शालिग्राम तिला मार्गशीर्षात आपल्याकडे नेणार आहेत, कायमची. त्यांच्या घरात हात कमी पडतात. त्याच आठवड्यात मी पेटी उचलली. छाती दुखत होती हे खोटे नव्हते, भाऊ, कुठली छाती एवढेच सांगितले नव्हते.

इथे आल्यावर मी तिला विचारले, पत्रे मिळाली का? म्हणाली, "मिळाली. बाबांनी वाचून दाखवली. मधली दोन-दोन पानं ते गाळायचे."

मी मास्तरांकडे गेलो आणि सरळ बोललो. त्यांनी छडी शोधावी अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी हातातली वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आपल्यातली वरची घरं विधवेचा पाट लावत नाहीत. गल्लीत राहून मी पोरीचा पाट लावला तर दुसऱ्या दिवशी तिला पाणवठ्यावर कोणी घागर भरू देणार नाही. तुमच्या त्या झोपड्यांत सोळा घरं नि दहा जाती. तिथं कोण कोणाला विचारतो? विहीरसुद्धा आपली. घर झालं तर संक्रांतीनंतर लावू. नाही झालं, तर शालिग्राम येईल आणि मला त्याला नाही म्हणवणार नाही."

आता कळले असेल, घर विकले जाण्याची घाई तुमच्यापेक्षा मला जास्त का आहे. रागवायचे तर रागवा. तुम्ही पंचांत तोंड कसे दाखवणार, वहिनींच्या माहेरी काय म्हणतील, हे सारे मला पाठ आहे. मी सही करणार, ती तिच्यासाठी करणार.

अभिमन


जळगाव, ता. २८ डिसेंबर १९१६

भाऊ,

रजिस्टर कचेरीत तुम्ही दोन तास होता आणि माझ्याशी चार वाक्ये बोललात. त्यांतली तीन सही कुठे करायची यासंबंधी होती. चौथे मी विसरणार नाही. 'आजपासून तुझे घर गेले, माझा भाऊ गेला.' मास्तरांनी चहा ठेवायला सांगितला होता. तुम्ही पाणीही न घेता स्टेशनवर गेलात.

तरीही लिहितो, कारण आनंद सांगायला दुसरे कोणी नाही.

मास्तर नि मंजुळा राहायला आली आहेत. मला बाहेरची खोली दिली आहे. पाट लागेपर्यंत मी आतल्या उंबऱ्यात पाऊल टाकायचे नाही, जेवणाचे ताट ओट्यावर येईल, असा मास्तरांचा कायदा. मंजुळेने मागच्या परसात वांगी लावली. ती विहिरीवर उभी राहून पाणी शेंदते आणि कोणी तिला 'बाजूला हो' म्हणत नाही. पहिल्या दिवशी तिने सहा घागरी उगाचच भरल्या. ठेवायला भांडे नव्हते, तर वांग्यांना ओतल्या.

बेबाबाई तिला सून म्हणू लागल्या आहेत. नाना म्हणतात, अभिमन, तुझ्या लग्नात वाजंत्री नको, माळ्यावरचे उंदीर पुरे आहेत. मास्तर त्यांच्या आवाजाने गाढ झोपतात.

संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार ठरला आहे. तुम्ही येणार नाही हे धरून चाललो आहे. वहिनींना मात्र विचारा.

अभिमन


जळगाव, ता. ९ जानेवारी १९१७

भाऊ,

तुमचे पत्र नाही. नसू दे.

तिकडे धुळ्यात काही आहे का? भुसावळात उंदीर पडताहेत असे ऐकतो. गावातल्या बाजारातही दोन-तीन दुकानांत पडले म्हणतात. लोक नेहमीप्रमाणे बोलतात, त्यात खरे किती कोण जाणे.

आज सकाळी मंजुळेला चुलीमागे एक मेलेला उंदीर दिसला. तिने ओट्यावर येऊन मला हळूच सांगितले. मास्तर शाळेत गेले होते. मास्तरांचा कायदा झाल्यापासून मी पहिल्यांदाच आतल्या उंबऱ्यात गेलो. पाहिला. म्हटले, मांजराने मारला असेल. ती म्हणाली, बरं.

चिमट्याने उचलून परसात नेला आणि रॉकेल ओतून जाळला. मांजराने मारलेला उंदीर कोणी रॉकेल ओतून जाळत नाही असे तुम्ही म्हणाल. जाळला.

मास्तरांना सांगितलेले नाही. त्यांचे मन हळवे झाले आहे. ते ऐकतील आणि त्याच क्षणी गाठोडे बांधतील, रानात झोपडी घालतील, आणि मग या वर्षी पाट कसला लागतो. शालिग्राम तर टपलेलाच आहे. सोमवार फक्त सहा दिवसांवर आला आहे. सोमवार झाला की मीच सगळ्यांना घेऊन तलावाच्या पलीकडे महिनाभर राहायला जाईन. हुरडा खाऊ म्हणेन.

एकच उंदीर होता.

अभिमन


मेहरूण, तलावापलीकडील झोपड्या, ता. २४ जानेवारी १९१७

भाऊ,

मास्तर गेले. शनिवारी ताप चढला, रविवारी संक्रांत, त्या दिवशी जांघेत गाठ आली, बुधवारी सकाळी गेले. शुद्धीत होते तोवर माळ्याकडे पाहत होते. मंजुळेला म्हणाले, "ऐक. गप्प झालं." तिने सांगितले, नाही बाबा, आवाज येतो आहे. तिच्या मांडीवर त्यांचे डोके होते. माळ्यावर काहीच नव्हते. मी तिथे होतो. उंबऱ्याचा कायदा तेव्हा त्यांच्यादेखत मोडला.

सोळाही घरे रिकामी झाली. कौले उतरवून ऊन आत सोडले आहे. रस्त्यावरून पाहिले म्हणजे वस्तीचे नुसते सांगाडे दिसतात. आम्ही सारे पुन्हा तट्ट्याच्या झोपड्यांत. बाजारातल्या दाणेवाल्या माणकचंद शेठचे बिऱ्हाडही इथेच. त्यांचा मुनीम गेला. नानांच्या नातवाला ताप होता, तो उतरला. मंजुळा बेबाबाईंच्या झोपडीत आहे. तिला काही झालेले नाही. मला काही झालेले नाही. मला का झाले नाही, ते मी रोज सकाळी काखेत हात घालून तपासतो.

आता मागच्या पत्रांत जे लिहिले नाही ते लिहितो.

उंदीर आपणहून आले नव्हते. तुमचे ते कार्ड आले त्या दिवशी मी बाजारात माणकचंद शेठच्या दाण्याच्या दुकानी गेलो. ते जैन, उंदीर मारत नाहीत. रोज संध्याकाळी पिंजरे लावतात आणि सकाळी नाल्यापलीकडे नेऊन सोडतात. मी म्हटले, शेठ, आजचा पिंजरा मी मेहरूणकडे नेऊन सोडतो. ते हसले. "लोक आमच्याकडे उंदीर टाकायला येतात, तुम्ही न्यायला आलात? घेऊन जा, पुण्य तुमचं." वरून पंच्याने झाकून मी पिंजरा घरी आणला आणि माळ्यावर उघडला. पाच होते. चार उड्या मारून पळाले. पाचवा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून राहिला. मी पिंजरा आपटला तेव्हा दारू प्यायल्यासारखा झुलत बाहेर आला आणि तिथेच थांबला. भाऊ, अकरा वर्षांचा असल्यापासून मी झोपडीत राहिलो. असा उंदीर म्हणजे काय ते मला ठाऊक होते. मी त्याला काठीने आत ढकलले आणि खाली उतरलो. मास्तर यायची वेळ झाली होती.

शेठना त्या दिवशी काही ठाऊक नव्हते. त्यांच्या दुकानात उंदीर पडले ते महिन्याभराने. त्यांना कोणी बोल लावू नये.

बेबाबाईंनी तो पिंजरा पाहिला होता. काल पाण्याला गेलो तेव्हा त्यांनी मला थांबवले. त्या धुळ्याकडच्या, रागात त्यांची बोली घट्ट होते. पण काल त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "माले वाटनं, नवरीसाठी पोपट लयना व्हई. तू गावनं मरन पिंजरामा घालीसन लयना रे, पोऱ्या. मी कोनले सांगत नही. तू सांग तिले."

तुमच्या त्या कार्डाचा यात काही दोष नाही, असे लिहिणार होतो. लिहीत नाही. अर्धा तुमचा आणि अर्धा माझा असेही लिहीत नाही, कारण काठी माझ्या हातात होती.

तिला अजून सांगितलेले नाही. ती बापाच्या वर्गाच्या राहिलेल्या वह्या तपासत बसली आहे. शाळा बंद आहे. त्या वह्या कोणाला परत करायच्या, मला कळत नाही.

अभिमन


जळगाव, ता. १८ मार्च १९१७

भाऊ,

तुमचे पत्र मिळाले. पहिल्यांदाच पाकिटातून आले. 'झाले ते झाले, आता हे कोणाला बोलू नकोस, धुळ्याला निघून ये' असे लिहिलेत. 'भाऊ गेला' म्हणाला होतात, तो परत आला, याबद्दल आभार. मी येत नाही.

बोललो. माघ संपता संपता, सगळ्यांनी कौले पुन्हा घातली तेव्हा मंजुळा घर सारवायला आली. मी ओट्यावर उभा राहून सगळे सांगितले. दुकान, पिंजरा, पाचवा उंदीर, काठी. तिने सारवणे थांबवले नाही. खोलीच्या दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचली आणि हात धुऊन बाहेर आली. मला वाटले होते ओरडेल. मारेल. मी त्यासाठीच उभा होतो.

ती म्हणाली, "पिंजऱ्याचं मला ठाऊक नव्हतं. पण त्या सकाळी तुम्ही मांजर म्हणालात. या वस्तीत मांजर आहे कुठं? मला ते तेव्हाच कळलं होतं. मी बरं म्हणाले."

मी म्हटले, तू मला वाचवायला म्हणालीस.

"नाही. मला सोमवार हवा होता." मग म्हणाली, "तुमच्याइतकाच हवा होता. म्हणून तर तुमच्याबरोबर एका चुलीवर मला जेवता येणार नाही. तुम्ही समोर बसलात की मला बाबांचं ताट दिसेल. आणि तुम्हाला माझं तोंड."

मी पुष्कळ बोललो. रागावलोही. पुढे काय काय म्हणालो ते लिहीत नाही. तिने ऐकून घेतले आणि बादली उचलून विहिरीवर गेली.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, भडगाव. शालिग्राम आठ दिवस इथे ठाण मांडून होते. दुसरी तिने स्वतःच शोधली. धुळ्याहून एका बाईंचे पत्र आले होते, की मास्तरणीच्या शिक्षणाला पुण्यात जागा मिळेल, पण दोन वर्षांचा राहण्याजेवणाचा खर्च स्वतःचा हवा. तो खर्च म्हणजे हे घर. शालिग्राम म्हणाले, घर विकले गेले तर जाऊ दे बापडी पुण्याला, भावाची तशीच इच्छा असेल. नाही विकले गेले तर भडगावला सात माणसांचा स्वयंपाक आहे.

मी तुम्हाला तार केली होती, घर परत घ्या. तुम्ही लिहिलेत, त्या घरात आता कुत्रेही राहणार नाही. त्यानंतर मी नानांकडे गेलो, शेठकडे गेलो. नाना म्हणाले, गावातला कोणी घेणार नाही. परगावचा पाहा, ज्याला काही ठाऊक नाही.

परगावचा मिळाला. काल आला. रेल्वेत गार्ड आहे, नागपूरकडून बदलून आला. बरोबर बायको, कडेवर दीड वर्षाची मुलगी, आणि बाईला पुन्हा दिवस गेलेले. शालिग्रामांनी त्यांना सांगितले होते, की मास्तर हृदयविकाराने गेले आणि पोरीला एकटीला राहवत नाही म्हणून विकतोय. हकीकतीचा जुना कागद मी लिहिलेला होता, तो त्यांनी मास्तरांच्या पेटीतून काढून गार्डाच्या हातात दिला. माझ्या अक्षरात. तो वाचत असताना मी ओट्यावरच उभा होतो.

गार्डाला घर आवडले. त्याने विहिरीत डोकावले, कौले पाहिली, दार दोनदा लावून उघडले. शाळा किती लांब, टांगा कुठे मिळतो, हे नानांना विचारले. नानांनी सगळे खरे सांगितले, कारण त्याने तेवढेच विचारले होते. मागच्या खोलीत मंजुळा आपल्या वस्तू आवरत होती. शालिग्रामांनी बयाण्याची गोष्ट काढली.

तेवढ्यात बाई माझ्याकडे वळल्या. मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही इथेच वाढलात ना? माझ्या बहिणीची दोन पोरं नागपुरात गाठीनं गेली. मला बाकी काही नको. या घरात कधी उंदीर पडला का, तेवढं सांगा."

शालिग्राम माझ्याकडे बघत होते. नाना जमिनीकडे.

आतून मंजुळेचा आवाज आला. ती बाहेर आली नाही. मास्तर वर्गात पाढे सांगत तसा आवाज होता, एका सुरात.

"पडला, बाई. चुलीमागे. मीच पहिल्यांदा पाहिला. माझे वडील आठव्या दिवशी याच खोलीत गेले."

बाईंनी मुलीचे पाय वर ओढून घेतले, जणू जमीन तापली होती. गार्डाने कागद घडी करून शालिग्रामांना परत दिला, राग न दाखवता. फाटकापर्यंत गेल्यावर बाई एकदा मागे वळल्या. नमस्कार करायचा होता की काय कोण जाणे, पण हात मोकळे नव्हते.

शालिग्रामांनी कागद खिशात घातला. मग म्हणाले, "बांध गाठोडं."

आज सकाळच्या गाडीने गेली. पाचोऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे भडगावची बैलगाडी. बेबाबाईंनी तिला मिठी मारली. मी स्टेशनवर गेलो होतो. तिने मला येऊ दिले एवढेच. वह्यांचा गठ्ठा तिने माझ्या हाती दिला, शाळा उघडली की मुलांना वाटायला. मी म्हटले, तू एक वाक्य गप्प राहिली असतीस तर पुण्याला गेली असतीस. ती म्हणाली, "हो." गाडी सुटली.

घर तसेच आहे. किल्ली शालिग्रामांनी माझ्याकडे ठेवली आहे. राखणदार म्हणून.

तुम्ही लिहिले आहे की तू तरुण आहेस, हळूहळू विसरशील. ते राहू द्या. एकच गोष्ट कोणाला तरी सांगायची होती, आणि ती बेबाबाईंनाही सांगितलेली नाही. बाईंनी विचारले आणि मंजुळा बोलली, त्या दोहोंमध्ये एक क्षण होता. त्या क्षणी माझे तोंड उघडलेले होते, भाऊ. 'कधीच नाही' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. ती बोलली नसती तर मी बोललो असतो. तिच्यासाठी बोललो असतो असे मी म्हणू शकतो. पिंजराही मी तिच्यासाठीच नेला होता.

अभिमन